विश्लेषण : प्लास्टिकच्या पापुद्र्यातून आयन कसे सरकतात? ‘सॉलिड’ बॅटरीचे कोडे ५० वर्षे का सुटलेले नाही?

विद्युत वाहनांच्या जाहिरातींत आणि नव्या मोबाइलच्या घोषणांत ‘सॉलिड स्टेट बॅटरी’ हे शब्द आता वारंवार ऐकू येतात. बॅटरीतला द्रव काढून टाकला की आगीची भीती संपली, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. या बॅटरीच्या एका जुन्या प्रकारात द्रवाची जागा प्लास्टिकचा, म्हणजेच पॉलिमरचा पातळ पापुद्रा घेतो. त्यातून आयन वाहू शकतात हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. तरीही ही बॅटरी सर्वसामान्यांच्या मोबाइलपर्यंत आणि दुचाकीपर्यंत पोहोचलेली नाही. अडचण नेमकी कुठे आहे आणि ‘सॉलिड’ या शब्दावर किती विसंबावे, याचा हा आढावा.

मोबाइलमधील ‘लि-पॉलिमर’ म्हणजे हीच बॅटरी का?

नाही. हा गोंधळ आधी दूर करायला हवा. मोबाइल, इयरफोन आणि पॉवर बँकांवर ‘लि-पॉलिमर’ किंवा ‘लि-पो’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात अशा बहुतांश बॅटऱ्यांत आयन वाहून नेण्याचे काम द्रव किंवा द्रव शोषून घेतलेला जेलीसारखा पदार्थच करतो. जेल असेल तर त्यातल्या पॉलिमरचा वाटा त्या द्रवाला धरून ठेवण्यापुरता असतो. या बॅटरीला धातूच्या डब्याऐवजी ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचे थर असलेली मऊ पिशवी असते. त्यामुळे ती चपटी आणि हलकी होते.

जुन्या मोबाइलची पाठ फुगते, तीही मुख्यतः आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू तयार झाल्यामुळे. अशी फुगलेली बॅटरी टोचणे, दाबणे किंवा तशीच वापरत राहणे धोकादायक असते. थोडक्यात, पाकिटावरचा ‘पॉलिमर’ हा शब्द बॅटरी घन असल्याची किंवा ती पेटणार नसल्याची हमी देत नाही. या लेखाचा विषय असलेला घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइट वेगळा आहे. त्यात द्रव जवळपास नसतोच.

द्रव इलेक्ट्रोलाइटची अडचण काय?

कोणत्याही बॅटरीत ॲनोड आणि कॅथोड ही दोन टोके आणि त्यांच्या मध्ये इलेक्ट्रोलाइट असतो. शालेय पुस्तकांत त्याला विद्युत अपघटनी म्हणतात. मोबाइल वापरात असताना इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात आणि लिथियमचे आयन आतल्या इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडे पोहोचतात. म्हणजे इलेक्ट्रोलाइटला दोन अटी पाळाव्या लागतात. आयनांना वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनांना अडवायचे. इलेक्ट्रॉन आतूनच पलीकडे गेले, तर त्याला शॉर्ट सर्किट म्हणतात.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र तेव्हापासून आजपर्यंत तिच्यातला इलेक्ट्रोलाइट हा सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षारच राहिला आहे. हे द्रावक ज्वलनशील असतात. सेलमध्ये कुठे शॉर्ट सर्किट झाले आणि उष्णता वाढली की त्यांची वाफ होते आणि ती पेट घेऊ शकते.

दुसरे कारण क्षमतेचे आहे. सध्याच्या ॲनोडमध्ये ग्रॅफाइट असते. त्याऐवजी शुद्ध लिथियम धातू वापरला, तर त्या टोकाची वजनाच्या तुलनेतील क्षमता सुमारे दहापट होते. पण द्रवात लिथियम धातूवर चार्जिंगवेळी सुईसारखे काटे वाढतात. त्यांना डेन्ड्राइट म्हणतात. हे काटे पलीकडच्या टोकाला टेकले की शॉर्ट सर्किट होते. मध्ये घन पदार्थ ठेवला तर आग आणि काटे या दोन्ही गोष्टींना आळा बसेल, ही घन बॅटरीमागची मूळ कल्पना आहे.

पॉलिमरमधून आयन वाहतात हे कधी कळले?

विजेच्या तारेवरचे प्लास्टिक वीज अडवते. त्यामुळे प्लास्टिकमधून आयन वाहतील, हे सहजासहजी पटणारे नव्हते. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठात पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पॉलिइथिलीन ऑक्साइड या पॉलिमरमध्ये सोडियम, पोटॅशियमसारख्या धातूंचे क्षार मिसळून तयार होणाऱ्या संयुगांची माहिती प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये त्यांची विद्युत वाहकता मोजून मांडण्यात आली.

त्यातून बॅटरी बनवता येईल, हे फ्रान्समधील ग्रेनोबल येथील मिशेल आर्मंड यांनी ओळखले. १९७८ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली. पॉलिइथिलीन ऑक्साइड, म्हणजेच पीईओ, हा पदार्थ अजिबात दुर्मीळ नाही. त्याच्याच आखूड साखळ्यांना पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणतात आणि ते बद्धकोष्ठतेवरील औषधांत आणि मलमांत सर्रास वापरले जाते. स्वस्त, बिनविषारी आणि पापुद्रा काढायला सोपा असा हा पदार्थ असल्याने संशोधकांच्या आशा उंचावल्या.

आयन पुढे सरकतो तो कसा?

पीईओची साखळी म्हणजे दोन कार्बन, एक ऑक्सिजन, पुन्हा दोन कार्बन, एक ऑक्सिजन अशी हजारो वेळा गुंफलेली माळ. यातल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोड्या असतात. लिथियमचा आयन धनभारित असल्याने तो त्यांच्याकडे ओढला जातो. पाच-सहा ऑक्सिजन मिळून एका लिथियम आयनाला वेढा घालतात. याच ओढीमुळे लिथियमचा क्षार पाण्यात मीठ विरघळावे तसा या घन पॉलिमरमध्ये विरघळतो.

पुढची गोष्ट समजण्यासाठी श्रमदानाची रांग डोळ्यांसमोर आणावी. तलावातला गाळ काढताना माणसे आपापल्या जागी उभी असतात आणि मातीचे घमेले हातोहात पुढे जाते. माणूस जागा सोडत नाही, फक्त त्याचे हात हलतात. पॉलिमरमध्ये असेच घडते. संपूर्ण साखळी वाहत नाही, म्हणून पापुद्रा घन राहतो. पण साखळीचे छोटे छोटे तुकडे सतत डोलत, वळत असतात. असा एखादा तुकडा डोलताना जवळ आला की आयनाभोवतीचा एक ऑक्सिजन सुटतो आणि दुसरा पकड घेतो. आयन थोडा पुढे सरकतो. कधी तो त्याच साखळीवर पुढे जातो, तर कधी शेजारच्या साखळीवर उडी घेतो.

या चित्रातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, हात हलले नाहीत तर घमेले हलत नाही. साखळी गोठली की आयन जागीच अडकतो. दोन, प्रत्येकाने घमेले घट्ट धरून ठेवले तरी रांग थांबते. ऑक्सिजनची पकड क्षार विरघळवण्याइतकी घट्ट आणि आयन सोडून देण्याइतकी सैल असावी लागते. पीईओची पकड पहिल्या कामाला उत्तम आहे, दुसऱ्या कामाला जरा जास्तच घट्ट.

क्षार वाढवला तर आयन वाढतील आणि वाहकताही वाढेल, असे वाटू शकते. सुरुवातीला तसे होतेही. पण एकच आयन जेव्हा दोन-तीन साखळ्यांचे ऑक्सिजन धरून ठेवतो, तेव्हा त्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि त्यांचे डोलणे मंदावते. म्हणून साधारण वीस ऑक्सिजनमागे एक लिथियम असे प्रमाण अनेक प्रयोगांत वापरले जाते.

मग ही बॅटरी गरम का ठेवावी लागते?

पीईओच्या साखळ्या दोन प्रकारे राहतात. काही भागांत त्या कवायतीसारख्या शिस्तीत रचल्या जातात. हा स्फटिकी भाग. काही भागांत त्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. हा अस्फटिकी भाग. ग्रेनोबलमधील क्लोद बर्तिए आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने दाखवून दिले की, आयनांची ये-जा मुख्यतः अस्फटिकी भागातूनच होते. स्फटिकात साखळ्या जखडलेल्या असल्याने तिथे हात हलायला जागाच नसते. या नियमालाही अपवाद निघाला. सेंट अँड्र्यूजमधील पीटर ब्रूस यांच्या गटाने २००१ मध्ये काही विशिष्ट स्फटिकी रचनांतूनही आयन वाहतात, हे दाखवले. मात्र त्यांची वाहकता कमीच राहिली.

पीईओचे स्फटिक सुमारे ६५ अंश सेल्सिअसला वितळतात. त्यामुळे खोलीच्या तापमानाला बराच भाग आयनांसाठी बंद असतो आणि ६० ते ८० अंशांवर जवळपास सगळाच खुला होतो. साखळ्या खूप लांब असल्याने वितळल्यावरही पापुद्रा पाण्यासारखा वाहून जात नाही, रबरासारखा राहतो.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे ही बॅटरी आपोआप चालेल का, असा प्रश्न पडू शकतो. चंद्रपूर-अकोल्याचे ऊनही पीईओला पुरेसे नाही. तेवढ्या उष्णतेत त्याची वाहकता सुधारते हे खरे, पण स्फटिक वितळण्यासाठी आणखी सुमारे २० अंशांची गरज उरतेच. द्रव बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते आणि पॉलिमर बॅटरी उष्णतेशिवाय नीट चालत नाही, अशी ही उलटी परिस्थिती आहे.

आकडे काय सांगतात?

इलेक्ट्रोलाइटमधून आयन किती सहज वाहतात ते वाहकतेवरून कळते. तिचे एकक सीमेन्स प्रति सेंटिमीटर. द्रव इलेक्ट्रोलाइटची वाहकता साधारण १० मिलिसीमेन्स असते. पीईओची ६० ते ८० अंशांना साधारण ०.१ ते १ मिलिसीमेन्स. खोलीच्या तापमानाला ती ०.००१ मिलिसीमेन्स किंवा त्याहूनही कमी होते. म्हणजे द्रवाच्या दहा हजारावा हिस्सा.

हा फरक किती महागात पडतो, ते साध्या गणिताने कळते. केसापेक्षाही पातळ, २५ मायक्रॉन जाडीचा पापुद्रा घेतला. त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून एक मिलिअँपिअर प्रवाह न्यायचा आहे. दोन-तीन तासांत चार्ज होणाऱ्या सेलमध्ये साधारण एवढा प्रवाह लागतो. पापुद्रा गरम असताना वाहकता ०.५ मिलिसीमेन्स धरली, तर त्यात वाया जाणारा दाब फक्त ५ मिलिव्होल्ट. म्हणजे नगण्य. खोलीच्या तापमानाला वाहकता ०.००१ मिलिसीमेन्स धरली, तर तोच आकडा २.५ व्होल्ट होतो. या प्रकारच्या बॅटरीत बहुधा लोह-फॉस्फेटचा कॅथोड असतो आणि त्या सेलचा एकूण दाबच सुमारे ३.४ व्होल्ट असतो. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश दाब पापुद्र्यातच संपतो. अशी बॅटरी मोबाइल चालवू शकत नाही.

लोह-फॉस्फेटच का, यालाही कारण आहे. जास्त दाबाचे कॅथोड वापरले तर बॅटरीत अधिक ऊर्जा मावते. पण सुमारे ४ व्होल्टच्या आसपास पीईओचे ऑक्सिडीकरण होऊ लागते. इलेक्ट्रोलाइटच खराब होत असेल, तर वरच्या दर्जाचा कॅथोड असून उपयोग नाही.

वाहकता वाढली की प्रश्न सुटतो का?

इथे एक छुपी अडचण आहे. क्षार विरघळल्यावर लिथियमचे धनभारित आयन आणि त्यांचे ऋणभारित जोडीदार असे दोघेही मोकळे होतात. मोजलेली वाहकता ही दोघांची मिळून असते. पीईओमध्ये ऑक्सिजन लिथियमला धरून ठेवतो, ऋण आयनाला मात्र कुणीच धरत नाही. त्यामुळे तो जास्त सहज पळतो. परिणामी एकूण वहनात लिथियमचा वाटा साधारण २० ते ३० टक्केच असतो. उरलेले वहन बॅटरीच्या कामाचे नाही.

चार्जिंग करताना ऋण आयन एका टोकाला गर्दी करतात आणि लिथियम धातूच्या बाजूला क्षाराची टंचाई होते. चार्जिंग जितके वेगवान, तितकी ही टंचाई मोठी. टंचाईच्या जागी लिथियमचे काटे वाढण्याची शक्यता वाढते. म्हणून फक्त वाहकतेचा मोठा आकडा सांगणारा दावा अर्धवट असतो. त्यातला लिथियमचा वाटा किती, हे सांगितल्याशिवाय चार्जिंगच्या वेगाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

यावर एक उपाय म्हणजे ऋण आयनाला रासायनिक बंधाने साखळीलाच बांधून टाकणे. मग फक्त लिथियमच हलतो. अशा पॉलिमरमध्ये लिथियमचा वाटा जवळपास १०० टक्क्यांवर जातो, पण एकूण वाहकता बऱ्याचदा आणखी घसरते.

मऊ हवे की कडक?

घन पॉलिमरमागचा खरा पेच इथे आहे. आयन वाहण्यासाठी साखळ्या मऊ आणि हलत्या हव्यात. लिथियमचे काटे रोखण्यासाठी मात्र पापुद्रा कडक हवा. चार्ल्स मन्रो आणि जॉन न्यूमन यांनी २००५ मध्ये गणिताने असा अंदाज मांडला की, काटे थोपवायचे तर इलेक्ट्रोलाइटचा ताठपणा लिथियम धातूच्या सुमारे दुप्पट असावा. मऊ पीईओ त्याच्या जवळपासही जात नाही. त्याला तेवढे कडक केले, तर आयन थांबतात. एका गुणाची किंमत दुसऱ्या गुणाने मोजावी लागते आणि गेली ५० वर्षे प्रयोगशाळा या एकाच ओढाताणीशी झुंजत आहेत.

आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी आणि बर्कली येथील प्राध्यापक निताश बलसारा यांच्या संशोधनाने यावर वेगळी वाट शोधली. एकाच साखळीचा एक भाग कडक पॉलिस्टायरिनचा आणि दुसरा मऊ पीईओचा ठेवायचा. दोन्ही भाग आपापले वेगळे थर करतात. कडक थर ताकद देतात, मऊ थर आयन नेतात. या तंत्रावर २००७ मध्ये सीओ ही कंपनी उभी राहिली आणि २०१५ मध्ये बॉशने ती विकत घेतली. पण मऊ थरात वाहणाऱ्या आयनांना उष्णतेची गरज उरलीच.

ब्रुनो स्क्रोसाती यांच्या इटलीतील गटाने १९९८ मध्ये पीईओमध्ये टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळले. त्यांनी स्फटिक बनण्यात अडथळा आणला आणि ३० अंशांजवळची वाहकता ०.०१ मिलिसीमेन्सच्या आसपास गेली. सुधारणा मोठी होती, तरी द्रवाच्या तुलनेत हजारपट कमीच.

पॅरिसच्या रस्त्यांवर काय घडले?

हे तंत्रज्ञान फक्त प्रयोगशाळेत राहिलेले नाही. फ्रान्समधील बोलोरे समूहाने लिथियम धातू आणि पॉलिमर यांची बॅटरी बसवलेल्या मोटारी बनवल्या. डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसमध्ये ‘ऑटोलिब’ ही भाड्याने मोटारी देणारी सेवा सुरू झाली, तिच्यात याच ३० किलोवॉट-तासांच्या बॅटरीच्या मोटारी होत्या. आर्थिक वादातून ती सेवा २०१८ मध्ये बंद झाली. पण घन पॉलिमर बॅटरी भर शहरात हजारो मोटारींत वर्षानुवर्षे चालू शकते, हे तिने सिद्ध केले.

त्यासाठी मोजावी लागणारी किंमतही दिसली. गाडी उभी असतानाही बॅटरी गरम ठेवावी लागते. रोज धावणाऱ्या आणि रात्री आगारात प्लगला जोडलेल्या बसला हे परवडते. आठवडाभर पार्किंगमध्ये पडून राहणाऱ्या खासगी मोटारीला नाही. जर्मनीत मर्सिडीझने ‘ई-सिटारो’ या जोडबससाठी ४४१ किलोवॉट-तासांच्या अशाच बॅटरीचा पर्याय दिला, पण ती मार्गावर झटपट चार्जिंगसाठी योग्य नव्हती. रात्रीच्या सावकाश चार्जिंगवरच ती चालवावी लागे.

एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये बोलोरे समूहाच्या दोन विद्युत बस काही आठवड्यांच्या अंतराने जळून खाक झाल्या. कुणालाही इजा झाली नाही. तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने या प्रकारच्या १४९ बस तात्पुरत्या रस्त्यावरून काढून घेतल्या. या बसमध्येही घन पॉलिमर बॅटरी होती. ज्वलनशील द्रव नसला, तरी लिथियम धातू सुमारे १८० अंशांना वितळतो आणि हवेत जोरदार पेट घेऊ शकतो. पीईओ स्वतःही जळणारा पदार्थ आहे. घन बॅटरीत धोका कमी करता येतो, पण ‘सॉलिड म्हणजे न पेटणारी’ हे समीकरण चुकीचे आहे.

पॉलिमर सोडून दुसरे काही वापरता येत नाही का?

येते. टोकियोतील र्योजी कानो यांच्या गटाने २०११ मध्ये सल्फाइड प्रकारचा असा घन पदार्थ दाखवला, ज्याची खोलीच्या तापमानातील वाहकता १२ मिलिसीमेन्स होती. म्हणजे द्रवाच्या तोडीची. त्यात आयनांसाठी स्फटिकातच तयार बोगदे असतात. कुणाचे हात हलण्याची वाट पाहावी लागत नाही. पण अशा सल्फाइडांचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. कोकणातल्या पावसाळी हवेत असा कारखाना चालवायचा, तर अत्यंत कोरड्या खोल्या उभाराव्या लागतील. सिरॅमिक प्रकारचे ऑक्साइड कडक आणि स्थिर असतात, पण ठिसूळ. बॅटरी चार्ज होताना आणि उतरताना आतली टोके किंचित फुगतात, आकसतात. त्या हालचालीत ठिसूळ थराचा संपर्क सुटू शकतो.

पॉलिमर या हालचालीबरोबर वाकतो, टोकांना चिकटून राहतो आणि त्याचे रोल काढता येतात. म्हणूनच सिरॅमिकचे कण पॉलिमरमध्ये मिसळून दोन्हींचे गुण मिळवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. आणखी एक वाट म्हणजे सेलमध्ये आधी द्रव भरायचा आणि नंतर आतच त्याचा पॉलिमर करायचा. कॉर्नेल विद्यापीठातील लिंडेन आर्चर यांच्या गटाने २०१९ मध्ये अशी पद्धत मांडली. कोपऱ्याकोपऱ्यांत द्रव पोहोचल्यानंतर तो घट्ट होत असल्याने संपर्क चांगला राहतो.

भारतासाठी आणि महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विद्युत स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पसरली. त्या वर्षी अशा अनेक घटना घडल्यानंतर केंद्राने ‘एआयएस-१५६’ या सुरक्षा मानकात दुरुस्ती केली आणि ती १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केली. सेलमधील आग शेजारच्या सेलपर्यंत पसरते का, याची चाचणी त्यात आली. हे पाऊल योग्य होते. ते बॅटरी कशाची बनली आहे याकडे न पाहता ती संकटात कशी वागते, याकडे पाहते.

बॅटरी निर्मितीसाठी केंद्राने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ५० गिगावॉट-तास क्षमतेचे तिचे लक्ष्य आहे आणि ती कोणत्याही एका रसायनाला बांधलेली नाही. हे धोरण शहाणपणाचे आहे, पण त्याला मोजपट्टीची जोड हवी. पुढच्या काही वर्षांत ‘सॉलिड’ आणि ‘सेमी-सॉलिड’ अशी लेबले लावून अनेक उत्पादने येतील. त्यातल्या कुणात किती द्रव शिल्लक आहे, हे ग्राहकाला आणि अनुदान देणाऱ्या खात्यालाही कळायला हवे.

या विषयाचे ज्ञान भारताला नवे नाही. बनारस हिंदू विद्यापीठातील सुरेश चंद्र यांचा घन पदार्थांतील आयन वहनावरचा ‘सुपरआयॉनिक सॉलिड्स’ हा ग्रंथ १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढला होता. पुण्यात पॉलिमर रसायनशास्त्रासाठी ओळखली जाणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि वाहनांची चाचणी करणारी ‘एआरएआय’ही आहे. पॉलिमर तयार करणारे आणि बॅटरीची परीक्षा घेणारे एकाच शहरात आहेत. नाण्याएवढ्या प्रायोगिक सेलपासून स्कूटरच्या बॅटरीपर्यंतचा मधला टप्पा त्यांनी एकत्र गाठावा, यासाठी पैसा आणि संयम दोन्ही लागतील. पॅरिसचा अनुभव सांगतो की, परिषदेत कल्पना मांडल्यापासून ती रस्त्यावर येईपर्यंत तीन दशके गेली.

दावा तपासायचा कसा?

नवी घन बॅटरी जाहीर झाली की चार प्रश्न विचारावेत. सांगितलेली कामगिरी कोणत्या तापमानाची आहे? २५ अंशांची की ७० अंशांची? वाहकतेच्या आकड्यात लिथियमचा वाटा किती? किती मिनिटांच्या चार्जिंगवर आणि किती वेळा चार्ज केल्यावर हे मोजले? आणि सेलमध्ये द्रव किती टक्के उरला आहे?

हे प्रश्न फक्त अभियंत्यांसाठी नाहीत. भारतीय मानक ब्युरोने ‘सॉलिड’ आणि ‘पॉलिमर’ या शब्दांची व्याख्या ठरवून द्यावी आणि सरकारी अनुदान मागणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला या चार उत्तरांची सक्ती करावी. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क पाहून घेणाऱ्या ग्राहकाला रात्रभर घरात चार्जिंगला लागणाऱ्या बॅटरीबाबतही तेवढीच माहिती मिळायला हवी. पॉलिमरमधले आयन साखळी हलेल त्याच गतीने पुढे सरकतात आणि या तंत्रज्ञानाची वाटचालही तशीच सावकाश होत आली आहे. तिची घाई जाहिरातीने करता येणार नाही.